धाराशिवचा ‘श’ आणि ब्राउझर नावाचा कातिब

आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, मे २०२४ मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. त्यावर ज्याचे त्याचे मत आहे आणि तो आजचा विषय नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष या दोन नावांतल्या अक्षरांकडे गेले.

‘उस्मानाबाद’ मराठीत लिहिले तर त्यात एकही अक्षर असे नाही, ज्याच्या वळणावरून मराठी आणि हिंदीत आज मतभेद व्हावा. उर्दूत लिहिले तर ऐन, से, मीम, अलिफ, नून, मद्दवाला अलिफ, बे, अलिफ, दाल. सगळी अक्षरे अरबीतही आहेत. म्हणजे अरबी अक्षरे दाखवू शकणारे कोणतेही यंत्र हे नाव पुरे दाखवत होते. ‘धाराशिव’चे तसे नाही. मराठीत त्यात ‘श’ आला, आणि मराठीचा ‘श’ व हिंदीचा ‘श’ यांचे वळण वेगळे. उर्दूत दालनंतर दोचश्मी हे आली, जी ‘ध’, ‘भ’, ‘घ’ असे आपल्या मातीतले उच्चार लिहायला उर्दूने राखून ठेवली आहे. शीनच्या पुढे येते ती ‘ये’ही अरबीची नव्हे, फारसी-उर्दूची. गंमत पाहा, ज्या नावाला लोक परके म्हणाले ते परक्या फॉन्टमध्येही पूर्ण उमटत होते आणि ज्याला मूळचे म्हणाले तेच ब्राउझरागणिक वेगळे दिसते. एका मोबाईलवर ‘श’ मराठी वळणाचा, दुसऱ्यावर हिंदीचा. एका संगणकावर उर्दू धाराशिव नस्तालीकच्या उतारावरून खाली येते, दुसऱ्यावर सरळ रेषेत अरबीसारखे उभे.

‘सर, आमच्याकडे पान नीट दिसते, तुमच्याकडेच बिघडलेय’ हे वाक्य वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकवलेले असते. यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यात मराठी व उर्दू या दोघी बहिणींची कहाणी चमत्कारिक रीतीने सारखी आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. वेबच्या पानावर अक्षरांची चित्रे नसतात, अक्षरांचे क्रमांक असतात. ‘श’ हा अमुक क्रमांक, शीन हा तमुक. सोबत सजावटीचा एक कागद जातो, ज्याला स्टाइलशीट म्हणतात: मथळा एवढा मोठा, रंग हा, दोन ओळींत अंतर इतके. प्रत्यक्ष अक्षर काढण्याचे काम वाचणाऱ्याच्या यंत्रातला ब्राउझर करतो. जुन्या उर्दू छापखान्यात लेखक मजकूर द्यायचा आणि कातिब तो आपल्या हाताने लिहायचा, तसेच. मजकूर एक, पण दिल्लीच्या कातिबाचा हात वेगळा आणि लखनौच्या कातिबाचा वेगळा. ब्राउझर हा आपला आजचा कातिब. क्रोम, फायरफॉक्स, सफारी असे त्याचे निरनिराळे हात आहेत.

कातिबाचा विषय निघालाच आहे तर थोडे मागे जाऊ. जर्मनीत बव्हेरियाच्या झेनेफेल्डरने १७९६ मध्ये शिळाछापाची युक्ती काढली: दगडावर स्निग्ध शाईने लिहायचे आणि त्यावरून छापायचे. हिंदुस्थानात ही कला आली तेव्हा मराठी आणि उर्दू दोघींनी ती उचलली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावरच. पुढे वाटा फुटल्या. मराठी शिशाच्या खिळ्यांकडे गेली. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले की मराठी आणि संस्कृत ग्रंथांचा चेहराच त्यांनी ठरवून टाकला. उर्दू मात्र दगडापाशी थांबली. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता वरून खाली उतरतो आणि प्रत्येक अक्षर शेजारी कोण बसले आहे ते पाहून आपले रूप बदलते. शिशाच्या चौकोनी खिळ्यांत हे बसेना. सरळ ओळीत चालणाऱ्या नस्खचे खिळे होते, त्यांत पुस्तके निघालीही, पण वाचकाने ते कधी मनापासून स्वीकारले नाही. म्हणून उर्दूची वर्तमानपत्रे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत कातिबांच्या हातची होती. चेन्नईचे ‘मुसलमान’ हे १९२७ चे दैनिक तर संगणक घरोघर आल्यावरही हाताने लिहिले जात होते.

देवनागरीतही सगळे एकसारखे नव्हते. छापखान्यांच्या भाषेत मुंबई वळण आणि कलकत्ता वळण अशी दोन वळणे होती. स्वातंत्र्यानंतर देवनागरी देशभर एकसारखी करायचे ठरले तेव्हा हिंदीने आपले जुने ‘अ’, ‘झ’, ‘ण’ सोडून मुंबई वळणाचे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ घेतले. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. ‘ल’ आणि ‘श’ यांच्यात मात्र तडजोड झाली नाही. हिंदीचा ‘ल’ उजव्या बाजूच्या उभ्या दंडाला टेकून उभा राहतो. मराठीचा ‘ल’ दोन पाकळ्यांसारखा शिरोरेषेखाली लोंबतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि लिपी ठरवून दिली, २०२२ मध्ये पुन्हा निर्णय काढला, आणि पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हे मराठीचे म्हणून सांगितले. कागदावर हे ठीक झाले. पण शासन निर्णय ब्राउझरला वाचता येत नाही.

उर्दूचा दगड संगणकाने फोडला तो १९८१ मध्ये. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. त्यांनी अक्षरे जोडण्याच्या भानगडीत न पडता अक्षरांचे जोडून तयार असलेले हजारो तुकडे लिहून काढले. लाहोरचा ‘जंग’ त्याच वर्षी या अक्षरांत निघू लागला. मग १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचे ‘इनपेज’ आले आणि लग्नपत्रिकेपासून दैनिकापर्यंत सगळीकडे पसरले. आपल्या भागातल्या उर्दू शाळांचे स्नेहसंमेलनाचे अंकही पुढे इनपेजवरच निघाले. कातिबांच्या पोटावर पाय आला हे खरे. त्या कातिबांवर कोणीतरी स्वतंत्र लिहायला हवे.

आणि मग वेब आले.

सजावटीच्या कागदाची, म्हणजे सीएसएसची, कल्पना नॉर्वेच्या होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. उद्देश चांगला होता: मजकूर वेगळा, सजावट वेगळी. पण त्या वेळी नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये जुंपली होती. जो तो नियमांचा आपल्याला हवा तसा अर्थ लावी. साधे उदाहरण सांगतो. ‘या चौकटीची रुंदी तीनशे’ असे लिहिले, तर आतली मोकळी जागा त्या तीनशेत धरायची की बाहेर? नियम म्हणत होता बाहेर. एक्स्प्लोररची पाचवी आवृत्ती धरत होती आत. तेच पान एका ठिकाणी रुंद, दुसऱ्या ठिकाणी अरुंद. वेबसाइट बनवणारे लोक वैतागून पानाच्या तळाला लिहीत, ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल.’ आपल्या सरकारी पानांवर ही पाटी कितीतरी वर्षे होती.

इंग्रजीवाल्यांचा त्रास चौकटीच्या रुंदीएवढाच होता. आपला त्रास अक्षरापासून सुरू होत होता. त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग असायचे. आतून इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, वरून त्यावर देवनागरीची चित्रे चिकटवलेली. श्रीलिपी वेगळी, कृतिदेव वेगळा, सी-डॅकचा योगेश वेगळा. प्रत्येकाची चिकटवण्याची पद्धत निराळी. ज्याच्या यंत्रात तोच फॉन्ट नाही त्याला चित्रे दिसत नसत, आतली इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसत. यावर उपाय म्हणून फॉन्ट पानाबरोबरच पाठवायची सोय १९९७ मध्ये आली. पण नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीला बिटस्ट्रीम कंपनीच्या पद्धतीची फाइल लागे आणि एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीची. दोन्ही फाइली बनवून ठेवणारे थोडे. बहुतेकांनी एक्स्प्लोररची तेवढी ठेवली. पुढे नेटस्केप सहाव्या आवृत्तीत गेले आणि त्याने आपलीच जुनी सोय सोडून दिली.

मी बी.एड. करत होतो तेव्हा गावातल्या सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे मोजून आम्ही मराठी बातम्या वाचायला बसायचो. एका यंत्रावर बातमी दिसे, शेजारच्या यंत्रावर तीच बातमी म्हणजे प्रश्नचिन्हे, डॉलरची चिन्हे आणि कंसांचा चिवडा. कॅफेवाल्याने एका फ्लॉपीत चार-पाच फॉन्ट जपून ठेवले होते. ‘कोणता पेपर वाचायचाय?’ असे विचारून तो त्या पेपरचा फॉन्ट टाकून द्यायचा. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवून गोळी घ्यावी, तसे. पुढे फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाचे एक जोडपान निघाले, ते अशा सोंगी फॉन्टमधला मजकूर पाहता पाहता खऱ्या अक्षरांत बदलून दाखवी. ज्याने ते पहिल्यांदा चालताना पाहिले त्याला तो चमत्कारच वाटला.

उर्दूने यातून वेगळी पळवाट काढली. इनपेजमध्ये पान लावायचे, त्याचे चित्र करायचे आणि ते चित्रच वेबवर टांगायचे. कित्येक उर्दू दैनिकांच्या साइट वर्षानुवर्षे अशा होत्या. याचा फायदा उघड आहे: चित्र सगळ्या ब्राउझरांत सारखे दिसते, कातिबाला काही करायलाच उरत नाही. तोटा समजायला आम्हाला वेळ लागला. चित्रात शोधता येत नाही, त्यातले वाक्य उचलून दुसरीकडे नेता येत नाही, मोबाईलवर ते वाढवत वाढवत इकडून तिकडे सरकवत वाचावे लागते, आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिथे मुके होते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद बाहेर निघाले, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्या कागदांचीही स्कॅन केलेली चित्रेच आहेत. एक नाव शोधायचे तर पान न् पान डोळ्यांनी चाळावे लागते. हाताने लिहिलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाचे हे समजू शकते. पण २००५ सालची बातमीही तशीच शोधावी लागावी, हे त्या पळवाटेचे फळ आहे.

खरा उपाय युनिकोडचा. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यायचा, कुणाची सोंगे नकोत. पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातली देवनागरी भारताच्याच इस्की या प्रमाणावर बेतलेली होती. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो काढणारे र. कृ. जोशी मराठी कवी आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे सुलेखनकार होते. म्हणजे जगभरच्या विंडोज यंत्रांत हिंदी, नेपाळी, संस्कृत वर्षानुवर्षे एका मराठी माणसाच्या हाताने लिहिली गेली. लहान आकारात ‘मंगल’ गिचमिड दिसतो अशी तक्रार होती आणि ती रास्त होती. पण त्या आधी काय होते हे ज्याने सोसले आहे तो ‘मंगल’ला नावे ठेवणार नाही.

युनिकोड आले म्हणून ब्राउझर एका रात्रीत शहाणे झाले नाहीत. विंडोज एक्सपीत जोडाक्षरांच्या लिपींची सोय मुळात बंद असे. भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, की यंत्र मूळ सीडी मागे. सीडी बहुतेकांकडे नसेच. तेवढे नाही केले तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसे आणि ‘क्ष’चे तीन तुकडे पडत. फायरफॉक्सचे दुखणे आणखी मजेदार होते. साधा मजकूर ठीक दिसे, पण पान बनवणाऱ्याने ‘दोन्ही कडा सरळ’ असा हुकूम दिला की देवनागरी मोडे. मात्रा आणि काने अक्षरांपासून सुटत. एक्स्प्लोररमध्ये तेच पान व्यवस्थित. लोक म्हणत फायरफॉक्सला मराठी येत नाही. त्याला मराठी येत होती. ओळ ताणताना तो शब्दाचे अक्षर-अक्षर सुटे करत होता. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे दुखणे गेले. तोपर्यंत मराठी ब्लॉगवाले एकमेकांना एकच सल्ला देत: कडा सरळ करू नका, डावीकडे लावून सोडून द्या.

उर्दूचे युनिकोड आले ते नस्ख घेऊन आले. अरबी आणि उर्दू एकाच लिपीच्या घरात, त्यामुळे संगणकाने अरबीचे कपडे उर्दूला घातले. मजकूर खरा होता, शोधता येत होता, पण चेहरा शेजारणीचा. हे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. माझ्या सहावीच्या वर्गात एका मुलीला मोबाईलवर अशी एक उर्दू बातमी वाचायला दिली, तर तिने विचारले, ‘सर, हे कुराणशरीफमधले आहे का?’ आमच्या मुलांनी नस्ख पाहिलेले असते ते अरबी कायद्यात आणि कुराणात. घरी बोलायची, पत्र लिहायची, लतीफे वाचायची भाषा त्यांच्या डोळ्यांत नस्तालीकमध्ये असते. ती मुलगी अडखळत वाचू लागली, अरबीसारखे एकेक अक्षर लावून. तिचे वाचन कच्चे नव्हते. छापील पुस्तकातला तोच मजकूर तिने सरसर वाचला असता.

२०१३ मध्ये अली इतराझ या लेखकाने उर्दू लिपीच्या मृत्यूवर इंग्रजीत एक लेख लिहिला. मोबाईल आणि ब्राउझर नस्तालीकला जागा देत नाहीत, म्हणून लोक उर्दू रोमनमध्ये लिहू लागले, असे त्याचे म्हणणे होते. शीर्षक भडक होते, दुखणे खरे होते. विंडोज ८ मध्ये २०१२ ला उर्दूसाठी नस्तालीक आले होते. २०१४ मध्ये गूगलने ‘नोटो नस्तालीक उर्दू’ मोफत दिला. आयफोनवर उर्दूचा चेहरा नस्तालीक झाला तो २०१७ मध्ये. लाहोरच्या ‘जंग’ने कागदावर जे १९८१ मध्ये केले ते खिशातल्या फोनपर्यंत यायला पस्तीसहून अधिक वर्षे गेली.

या सुधारणेत एका नावाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फायरफॉक्स आणि क्रोम आज अक्षरे जोडायला जी यंत्रणा वापरतात तिचे नाव ‘हार्फबझ’. ती उभी करणारा बेहदाद इस्फहबोद हा मूळचा इराणी. इंग्रजीत वाचले तर नाव निरर्थक वाटते. फारसीत ते ‘हर्फ-बाज’ आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. ‘ओपनटाइप’ या शब्दाचे सरळ फारसी. आपण मराठीत फटकेबाज, दगाबाज म्हणतो तो ‘बाज’ वेगळा, खेळणारा, करणारा. पण तोही अर्थ इथे लावला तर बिघडत नाही. मराठीतला ‘क्ष’ आणि उर्दूतला ‘शीन-ये-वाव’चा जोड आज बहुतेक फोनांवर हा एकच हर्फबाज जोडून देतो.

मग अजूनही धाराशिवचा ‘श’ दोन ठिकाणी दोन का?

कारण यंत्रणा शहाणी झाली तरी तिला कोणती भाषा लिहायची हे सांगावे लागते. ‘श’चा क्रमांक मराठी-हिंदीत एकच. चांगल्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ नोटोच्या देवनागरीत, ‘श’ आणि ‘ल’ यांची दोन्ही रूपे भरलेली असतात. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत भाषेची खूण असते: मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, उर्दूसाठी ‘यूआर’. ही खूण ‘एमआर’ असेल तर मराठी ‘श’ निघतो. नसेल तर हिंदीचा. आता आपल्याकडची पाने उघडून पाहा. पाने बहुधा तयार इंग्रजी साच्यावर बनवलेली, आणि साच्यातली ‘ईएन’ ही खूण तशीच राहिलेली. अख्खे पान मराठीत आणि कपाळावर चिठ्ठी ‘मी इंग्रजी’. ब्राउझर बिचारा काय करणार? देवनागरी दिसली की फॉन्टमधले नेहमीचे, म्हणजे हिंदीचे, रूप काढून मोकळा होतो. उर्दूचेही तेच. खूण ‘यूआर’ नसेल आणि फॉन्ट सांगितलेला नसेल, तर बहुतेक यंत्रे अरबीचा नस्ख काढतात. सांगणारा गप्प राहिला की मराठीला हिंदीचा हात मिळतो आणि उर्दूला अरबीचा. दोघींच्या बाबतीत निर्णय मोठ्या शेजारणीच्या बाजूने जातो आणि तो कुणी मुद्दाम केलेला नसतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. ज्यांना खुणेच्या भानगडीत पडायचे नाही त्यांच्यासाठी २०२२ मध्ये ‘टिरो देवनागरी मराठी’ नावाचा वेगळाच फॉन्ट मोफत मिळू लागला. हिंदीचा आणि संस्कृतचा त्याचा भाऊ वेगळा.

आमच्या शाळेचे द्विभाषिक भित्तिपत्रक आम्ही वेबपान म्हणूनही काढतो. मुलांना मी दोष शोधायची एक रीत लावून दिली आहे. एकच पान संगणक कक्षातल्या जुन्या विंडोजवर, एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर आणि कुणाच्या मामाचा आयफोन मिळाला तर त्यावर उघडायचे. कुठे बिघडले ते वहीत लिहायचे. मग सजावटीचा कागद अर्धा काढून टाकायचा आणि पुन्हा पाहायचे. दोष गेला तर तो काढलेल्या अर्ध्यात, राहिला तर उरलेल्या अर्ध्यात. असे निम्मे-निम्मे करत एका ओळीपर्यंत यायचे. आठवीची मुले हे माझ्यापेक्षा भराभर करतात.

त्यांच्या वहीत जमलेले दोष पाहिले तर बहुतेकांचे मूळ एकच निघते: सजावट इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. मथळ्यातली अक्षरे जरा सुटी करा, असा हुकूम इंग्रजीत शोभून दिसतो. देवनागरीत त्याने शिरोरेषेला फटी पडतात आणि उर्दूत हातात हात घातलेली अक्षरे ओढल्यासारखी सुटतात. तिरपी अक्षरे करा म्हटले आणि फॉन्टमध्ये तिरपे रूप नसले, तर ब्राउझर सरळ अक्षरेच ढकलून तिरपी करतो. उर्दू वाहते उजवीकडून डावीकडे आणि हा तिला उजवीकडे कलवतो. ठळक रूप नसले तर काठ फुगवून खोटे ठळक करतो, मग ‘ष’ आणि ‘प’ ओळखू येत नाहीत. सर्वांत मोठे भांडण ओळीच्या उंचीचे. इंग्रजीला अक्षराच्या सव्वापट उंची पुरते. नस्तालीकचा शब्द जिन्यावरून उतरल्यासारखा येतो, त्याला दुपटीहून जास्त लागते. उंची कमी बांधून दिली तर वरच्या ओळीची बडी ये खालच्या ओळीच्या डोक्यावर बसते आणि बटनाच्या चौकटीत शब्दाचे नुक्ते कापले जातात. खुदा आणि जुदा यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा आहे, तिथे नुक्ता कापला जाणे म्हणजे काय ते उर्दू वाचणाऱ्याला सांगायला नको. उंची बांधून दिलीच नाही, तर प्रत्येक ब्राउझर फॉन्टला विचारून आपापले अंतर धरतो आणि मराठी-उर्दू एका ओळीत असले की ओळी वेड्यावाकड्या फाकतात. आम्ही शेवटी उर्दूच्या परिच्छेदांना वेगळी चौकट, वेगळी उंची आणि उजवीकडून सुरुवात असा स्वतंत्र संसार थाटून दिला. एकाच ओळीत दोघींना सारख्या उंचीवर बसवणे आम्हाला अजून नीट जमलेले नाही.

आणखी एक दोष असा आहे जो दिसतो एक आणि असतो दुसरा. अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ यांचे क्रमांक वेगळे. शब्दाच्या मध्ये दोन्ही सारख्या दिसतात. शेवटी आल्या की अरबीच्या ‘ये’खाली दोन नुक्ते उमटतात, उर्दूच्या नाही. काही नस्तालीक फॉन्ट तेही झाकून टाकतात. एकाने ‘अली’ हे नाव अरबी कीबोर्डवर टाइप केले, दुसऱ्याने उर्दूवर. पडद्यावर दोन अली जुळे भाऊ, पण शोधायला गेले तर यंत्राला एकच सापडतो. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा ‘र’ असाच दोन रीतींनी लिहिला जातो: ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारी जोडखूण घालून, किंवा नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन. हो, मराठीतही नुक्ता आहे, फक्त लपलेला. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या आडनावात हा अर्धा ‘र’ होता आणि एका ऑनलाइन यादीत त्याचे नाव शोधून सापडत नव्हते. तासभर बापलेक घाबरे झाले होते. यादी डोळ्यांनी वाचली तेव्हा नाव तिसऱ्या पानावर होते.